गोवादरी

हिराजी नाखव्यानं बोटीच्या नाळेवरचं, पुढच्या टोकावरचं, कापड ओढलं, आणि टाळ्या वाजायच्या त्या वाजल्याच नाहीत.

मी गर्दीत अगदी पुढे उभा होतो. धुवट सदरा घातलेला, नखांतला रंग रॉकेलनं घासून काढलेला. समोर नवी कोरी बोट. निळ्या पट्ट्यावर मी काढलेली पिवळी अक्षरं, अक्षरांना तांबडी सावली, दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा. मासेमारीची बंदी उठायला आली होती आणि आज पूजा करून बोट पाण्यात जायची होती. आता लोक माना डोलावतील, कुणीतरी पाठीवर थाप मारील, म्हणून मी वाट बघत होतो.

"मामंजी," हिराजीची सून हळूच म्हणाली. ती पनवेलची, शिकलेली. "हे काय लिहिलंय?"

"काय म्हंजे? आयशीचं नाव. गोदावरी."

"नाही. गो-वा-द-री लिहिलंय."

ती हळू बोलली होती, पण बोटीभोवती इतकी शांतता होती की सगळ्यांनी ऐकलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "गोव्याला चालली रे बोट!" आणि सगळा धक्का हसायला लागला. खलाशी हसले, जाळी विणणारे हसले, हळदीकुंकवाची ताटं घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

मी मान वर करून पाहिलं. मला गोदावरीच दिसत होतं. देवाशपथ सांगतो, तेच दिसत होतं. मग मी एकेका अक्षरावर नजर टेकवत गेलो. गो. त्यापुढे वा. तिथे आल्यावर माझे कान तापले, आणि पुढची दोन अक्षरं बघायची मला छातीच झाली नाही.

"काय रं पेंटर," एका खलाशानं विचारलं, "घेतली होतीस काय काल?"

त्यानं वाईट हेतूनं विचारलं नसावं. हसण्यावारी न्यायला काहीतरी वाट काढून दिली बिचाऱ्यानं. मीही ती लगेच धरली.

"हो," मी म्हणालो. "जरा जास्त झाली."

पुन्हा हशा झाला, पण हिराजी हसला नाही. तो मोठ्या अंगाचा माणूस, आवाज मात्र कधी चढवायचा नाही. त्याची आई वर्षापूर्वी गेली होती. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकून तिनं त्याला वाढवला, आणि त्यानं कर्ज काढून घेतलेल्या पहिल्या मोठ्या बोटीला तिचं नाव द्यायचं ठरवलं होतं. तो माझ्याजवळ आला.

"माझे आयशीचं नाव काढताना पिऊन आलास तू?"

मी खाली बघत राहिलो.

"दुसरं काय चुकलं असतं तर सोडलं असतं." त्यानं बोटीवरची एक माळ काढली आणि मुलाच्या हातात दिली. "आज बोट पाण्यात जायची नाय. अलिबागच्या पेंटरला सांगावा धाड. आणि पेंटर, तू या बंदरात परत ब्रश धरू नको."

मी रंगाचे डबे उचलले आणि घराकडे निघालो. मागे हसणं चालूच होतं.

त्या बंदरात वीसेक वर्षं मी बोटी रंगवत होतो. दिगंबर पेंटर म्हटलं की रेवदंड्यापर्यंत लोक ओळखायचे. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, निवडणुकीच्या घोषणा, सगळं केलं, पण खरं नाव झालं ते बोटींवर. मी कधी आधी खडूनं आखून घेतलं नाही. शिडीवर चढायचं, फळी एकदा डोळ्यांनी मोजायची आणि पहिल्या अक्षराला हात घालायचा. शेवटचं अक्षर बरोबर कडेला येऊन थांबायचं.

आदल्या वर्षी दिवाळीनंतर डोकं दुखायला लागलं. चष्मा बदलला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. मग एका दुपारी शिडीवरच उजवा हात थरथरू लागला आणि मी खाली आलो तो शुद्ध हरपूनच. मुंबईला नेलं. डोक्यात डाव्या बाजूला, कानाच्या मागे वरच्या अंगाला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ वाईट नाही, पण काढायलाच हवी. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा रजनी, माझी बायको, उशाशी बसली होती. मी तिला नावानं हाक मारली आणि ती ढसाढसा रडली. मी बोलत होतो, चालत होतो, हात हलत होता. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

चारेक दिवसांनी एक बाई आल्या. बोलण्या-लिहिण्याचे व्यायाम घेणाऱ्या. त्यांनी पुढ्यात कागद ठेवला आणि म्हणाल्या, "काका, घरचा पत्ता लिहा."

मी पेन धरलं. पेन धरलेला हात माझाच होता. पत्ता तोंडात होता. पण लिहायला गेलो तर कुठलं अक्षर आधी आणि कुठलं नंतर, मात्रा कुणाच्या डोक्यावर, वेलांटी कुणाला, काहीच ठरेना. जे उमटलं ते बघून बाईंनी नुसती मान हलवली. मग त्यांनी स्वतः पत्ता लिहिला आणि म्हणाल्या, "आता हे बघून काढा." ते मी काढलं, आणि त्यांच्यापेक्षा सुंदर काढलं.

"बघून येतंय. मनातून येत नाहीये," त्या रजनीला म्हणाल्या. "सराव करा. किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही."

घरी आल्यावर रजनीनं पाटी आणली. रोज दुपारी दार लावून ती मला शुद्धलेखन घालायची. ती सातवी शिकलेली. मी कमळाचं मकळ करायचो, बदकाचं दबक करायचो. मग मी पाटी सरकवून द्यायचो आणि ती पुन्हा पुढे करायची. हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली होती.

उन्हाळा संपला, बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि रंगकामं सुरू झाली. त्या हंगामात मी कसा निभावलो ते सांगतो. जुन्या बोटीवर जुनं नाव असतंच. रंग उडाला तरी अक्षराची कड फळीवर राहते. मी त्या कडेवरून ब्रश फिरवायचो. लोक बघायचे आणि म्हणायचे, पेंटरचा हात पहिल्यासारखाच आहे. मी हसायचो आणि आतून घाबरलेला असायचो.

आणि मग हिराजीनं नवी बोट आणली. कोरी फळी.

"मी येते बरोबर," रजनी म्हणाली. "खाली उभी राहून एकेक अक्षर सांगते."

"नाखव्यासमोर? बायको मला अक्षरं सांगणार?"

"मग कागदावर लिहून देते."

"चार अक्षरांच्या नावाला कागद? लोक काय म्हणतील?"

आठवडाभर मी घरी गोदावरी गिरवलं. जायच्या सकाळीसुद्धा पाटीवर बरोबर आलं होतं. शिडीवर चढलो तेव्हा हिराजी खाली उभा राहून आईच्या गोष्टी सांगत होता. ती पहाटे माशांची पाटी घेऊन कशी निघायची, उरलेले मासे कुणाला द्यायची. मी हूं हूं करत रंगवत होतो. खाली उतरलो, लांबून पाहिलं. सुरेख दिसत होतं. हिराजीनं अक्षरं नीट न वाचताच वर कापड बांधलं.

तर असा मी डबे घेऊन घरी आलो आणि पडवीत बसलो. रजनी बाजारात गेली होती. तिला यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. आली ती मागच्या दारानं. पिशवी ओट्यावर ठेवली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, वाकली आणि माझ्या तोंडाचा वास घेतला.

"प्यायलो नाही," मी म्हणालो.

"ते कळतंय मला. मग का म्हणालात?"

"एवढी माणसं हसत होती. काय सांगणार?"

"खरं ते सांगायचं."

"काय खरं? बालवाडीतल्या पोरांना येतं ते मला येत नाही, हे? वीस वर्षं नावं काढणाऱ्याला नाव काढता येत नाही? दारूचं लोक उद्या विसरतील, रजनी. हे विसरले नसते. मी बोलायला लागलो की माझ्या डोक्याकडे बघत बसले असते."

ती माझ्याजवळच खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"बाजारातल्या चांगुणानं मला मासे दिले," ती म्हणाली. "वर मूठभर बोंबील जास्त घातले. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, ने गो, अशा घरात कधी काय कमी पडंल सांगता येत नाय. बाकीच्या सगळ्या गप्प झाल्या होत्या. मला आधी कळेना. मग तिनंच धक्क्यावरचं सांगितलं."

"तो गप्पपणा मला ओळखू येतो हो. आमचे बाबा पिऊन रस्त्यात पडलेले असायचे आणि मी पीठ आणायला जायचे तेव्हा दुकानातल्या बायका तशाच गप्प व्हायच्या. वर एखादी मूठ जास्त घालायच्या." ती थांबली. "तुम्ही मला बघायला आलात तेव्हा मी एकच विचारलं होतं. आठवतं?"

आठवत होतं. चहाचा कप माझ्या हातात देताना तिनं सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, तुम्ही पिता का? तिच्या मामानं तिला दटावलं होतं. मी नाही म्हणालो होतो, आणि ते आजपर्यंत खरं होतं.

"लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी बाजारातून मधल्या वाटेनं येते. आज मागच्या गल्लीनं आले. लहानपणी यायचे तशी." तिचा आवाज चढला नव्हता. "लिहिता येत नाही म्हणायची तुम्हाला लाज वाटली. दारू प्यायलो म्हणायची नाही वाटली. मी कुणाची बायको म्हणून बाजारात उभी राहणार, हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही."

ती उठून मासे साफ करायला गेली. धक्क्यावर सगळं बंदर हसलं तेव्हा माझे कान तापले होते. आता अंग गार पडलं. आत विळीवर मासे चिरल्याचा आवाज येत होता आणि उठून तिच्याजवळ जावं, एवढंही मला जमेना.

सकाळी मी डबे उचलले. रजनीनं कुठे म्हणून विचारलं नाही. चपला घातल्या आणि मागोमाग निघाली.

बंदरावर हिराजी स्वतःच काचकागद घेऊन नाव खरवडत होता. खाली पिवळी भुकटी पडली होती. त्याचा मुलगा, सून, खलाशी, कालचीच बरीचशी मंडळी. मला पाहून एकदोघं हसली.

"नाखवा," मी म्हणालो, "मी परवा प्यायलो नव्हतो. कधीच पीत नाही."

"काल तूच बोललास."

"खोटं बोललो."

"खोटं? पिलो म्हणून कोण खोटं बोलतो?" त्यानं हात थांबवला नाही.

"माझं डोक्याचं ऑपरेशन झालं, ते ठाऊक आहे तुम्हाला."

"सगल्या बंदराला ठाऊक हाय. बरा होऊन आलास. चालतोस, बोलतोस."

"अक्षरं गेली," मी म्हणालो.

आता तो वळला. "कुठं गेली?"

इतका साधा प्रश्न मला डॉक्टरांनीही विचारला नव्हता. "मला लिहिता येत नाही, नाखवा," मी म्हणालो. हे वाक्य मी पहिल्यांदाच तोंडातून काढत होतो आणि ते माझ्याच कानांना कुणा परक्याचं वाटलं. "बघून काढता येतं. मनातून येत नाही. अक्षरं जागा बदलतात. मला ते दिसतही नाही."

"या हंगामात बोटी रंगवल्यास की."

"जुन्या नावांवरून ब्रश फिरवला."

"कायतरीच सांगतो," मागून एक खलाशी म्हणाला.

हिराजीनं काचकागद खाली ठेवला. मग खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला. "तुझं नाव लिही बघू. तुझं स्वताचं."

मी बोटीजवळ गेलो. पाठीमागे सगळे उभे. मनात मी नाव म्हणत होतो, एकदा, दोनदा, तीनदा. हात छान चालला. चार अक्षरं झाली, मी वर रेघ ओढली आणि बाजूला झालो.

मीच सुनेकडे वळलो. "सांग पोरी, काय झालंय?"

तिनं सासऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिबंगर," ती कशीबशी म्हणाली.

आज कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. कालच्या खलाशानं मान फिरवून समुद्राकडे बघायला सुरुवात केली. ज्या नजरेची मला भीती होती ती नजर आता चहूबाजूंनी माझ्या डोक्यावर होती, आणि टोपी घालून यायचं मला सुचलं नव्हतं.

हिराजीनं तळहातानं खडू पुसून टाकला. "अलिबागवाल्याला फोन कर," तो मुलाला म्हणाला. "येऊ नको म्हणावं." मग माझ्याकडे वळला. "चढ शिडीवर. मी एकेक अक्षर सांगतो, तू काढ."

"कागदावर लिहून द्या," मी म्हणालो. "बघून काढतो." निदान तेवढी तरी अब्रू राहील, असं मला वाटलं.

"कागद कशाला? माझे आयशीचं नाव हाय. मीच सांगीन."

मी चढलो. खालून त्याचा आवाज आला, मोठा, खणखणीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आवाज चढवला असेल, आणि तो असा.

"गाईचा ग! त्याला काना! वर मात्रा!"

मी 'गो' काढला. हात स्थिर होता, पण सदरा पाठीला चिकटला होता. वर बसून मला सगळं बंदर दिसत होतं. काम सोडून माणसं येत होती. ज्या धक्क्यावर मी वीस वर्षं मान वर करून वावरलो, तिथे मला आज मुळाक्षरं सांगितली जात होती.

"दगडाचा द! काना दे!"

'दा' झाला. तांबडी सावली दिली.

"वजनाचा व! नुसता!"

त्या अवाढव्य माणसानं 'वजनाचा' म्हटल्यावर खालून कुणीतरी खुदकन हसलं आणि हिराजीनं नुसतं वळून बघितलं. हसू बंद.

"रताळ्याचा र! त्याला वेलांटी!"

माझा ब्रश फळीपाशी थांबला. "कुठली? पहिली का दुसरी?"

मग हिराजी म्हणाला, "वेलांटी रं. वेलांटी म्हंजे वेलांटी."

"दोन असतात, नाखवा."

"पहिली दे," एक खलाशी म्हणाला.

"पहिली कशी? माझे बोटीवर कावेरी लिवलंय, तिला दुसरी हाय."

"तुझे बोटीवर तर 'श्री'सुद्धा चुकलाय!"

"तो यानंच काढलाय!"

"तेव्हा माझं ऑपरेशन झालं नव्हतं," मी वरून ओरडलो. "तू सांगितलास तसा काढला!"

यावर जे हसू उठलं ते कुणावर होतं ते माझ्या लक्षात आलं नाही. मला स्वतःला हसायला आलं नाही. वेलांटीवरून खाली चांगलंच पेटलं होतं. सून चहा आणायला गेली होती, आणि बाकीच्यांत कुणालाच खात्री नव्हती. हिराजी कमरेवर हात ठेवून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

"दुसरी," मागून आवाज आला. रजनीचा. सगळे वळले. ती गर्दीच्या कडेला उभी होती. "शब्दाच्या शेवटी दुसरीच असते."

"वहिनी बोलल्या," हिराजी म्हणाला. "दुसरी दे."

मी दिली. ती वेलांटी मी हवी होती त्यापेक्षा जरा लांब ओढली.

माझी लाज त्या दिवशी गेली असं नाही. आजही नवं नाव आलं की कुणालातरी खाली उभं करून अक्षरं सांगायला लावतो, आणि प्रत्येक वेळी तोंड उघडण्याआधी आजूबाजूला कोण आहे ते बघून घेतो. काही गिऱ्हाइकं आली नाहीत ती नाहीतच. हिराजीची बोट मात्र दर पावसाळ्यात माझ्याकडेच येते.

त्या दिवशी भरतीला बोट पाण्यात गेली. नारळ फुटला, प्रसाद वाटला. मी ब्रश रॉकेलात धुतले आणि आम्ही दोघं घरी निघालो. वाटेत बाजार लागतो. मी लोकांच्या नजरा टाळायला मागच्या गल्लीकडे वळलो, तर रजनी माझ्याबरोबर नव्हती. ती बाजारात शिरली होती.

चांगुणा टोपलीमागे बसली होती. बंदरावरची बातमी तिथे आमच्या आधीच पोचली होती, हे सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. रजनी तिच्यासमोर थांबली.

"पापलेट कसं दिलं गो?"

चांगुणानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाव सांगितला.

"आणि कोळंबी?"

तिनं तोही सांगितला. रजनी पुढच्या टोपलीपाशी गेली. तिथेही भाव विचारला. मग त्याच्या पुढच्या. घरात कालचे मासे होते, घ्यायचं काहीच नव्हतं. तरी ती एकही टोपली न चुकवता थांबत होती, मासा उचलून कल्ले बघत होती, भावात घासाघीस करत होती. आणि मी रंगाचे डबे दोन्ही हातांत धरून, प्रत्येक ठिकाणी तिच्यामागे उभा होतो.